माझ्या नावची लाकडं

"होऽऽऽ… चला होऽऽ… खालच्या आलीच्या गोविंदाची माती हाय होऽऽ… घरटी एकेक लाकूर आना होऽऽ…"

मोरव्यात आमच्या लहानपणी कुणी गेलं की राघोकाका अशी हाळी द्यायचा. मिठागराच्या बांधावर उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून तो आवाज असा सोडायचा, की तो मिठाच्या पांढऱ्या राशींवरून घसरत, खाजणातल्या बगळ्यांना उठवत थेट आमच्या माजघरात यायचा. आवाज मोठा गोड. पंचाईत तीच होती. हळदीलाही तोच गायचा, त्यामुळे पहिला सूर कानावर पडला की क्षणभर कुणाचं तरी लग्न आहे असं वाटायचं, आणि मग नाव यायचं. मी बाजेखाली शिरायचो. माणूस मरतो म्हणून राघोकाका त्याचं नाव घेत नाही, राघोकाका नाव घेतो म्हणून तो मरतो, अशी माझी पक्की समजूत होती. त्याने वाटेत गाठून "नाव काय रं तुजा?" असं विचारलं, की मी "मना नाव न्हाय" म्हणून धूम ठोकायचो.

हाळी झाली की बाबा परसात जाऊन एक लाकूड निवडायचे. घरटी एक लाकूड, ही आमच्या गावची रीत. मोजमाप काही नसायचं, पण कुणी पोकळ, वाळवी लागलेलं लाकूड नेलं तर लोक त्याच्याकडे पुढच्या होळीपर्यंत तिरकं बघायचे. बाबा आपलं लाकूड खांद्यावर टाकून निघायचे, आळीआळीतून तसेच लोक निघायचे, आणि मी बाजेखालून त्यांचे नुसते पाय बघायचो.

त्यात नाव ठेवलेलं हरिश्चंद्र. ज्या राजाने स्मशानात नोकरी केली त्याचं नाव लावणारा मी, भाईंदर पश्चिमेला रिक्षात बसलो की आधी सांगतो, "स्मशानाकडून नको, मार्केटातून घे." रिक्षावाला म्हणतो, "अंकल, उधर से लंबा पडेगा." पडू दे. रस्ता लांबला म्हणजे आयुष्यही तेवढंच लांबलं.

आता हे भय आम्हाला नेमकं कशाचं, तर आगीचं. फोडणी उडाली तरी मी दुसऱ्या खोलीत जातो. घरातला गॅस सावित्री, म्हणजे आमची बायको, पेटवते, मी लांबून "लागला का?" एवढंच विचारतो. मेल्यावर चटका बसत नाही हे मला बुद्धीने कळतं. पण मेल्यावर काही कळत नाही असं जे छातीठोकपणे सांगतात, त्यांच्यापैकी एकही मेलेला नाही. बरं, लाकडाऐवजी वीज म्हणावी, तर मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर आयुष्य काढलेला माणूस. मधेच गेली तर? लोक म्हणतात जनरेटर असतो. जनरेटरबद्दल लोकांनी मला खिडकीतून काय काय ऐकवलंय ते मीच जाणतो. आणि गॅसचं तर नावच नको.

तर सांगायचं म्हणजे, ज्येष्ठ नागरिक संघात एरवी गुडघे, मधुमेह आणि मृत्युपत्र ह्यांच्यावर व्याख्यानं होतात. एका बुधवारी मात्र वसईहून एक बाई आल्या. सुती साडी, हातात रोपटं. त्या म्हणाल्या, पेटी नको, सिमेंट नको, सरण नको, भट्टी नको. सुती कापडात गुंडाळायचं, मातीत ठेवायचं, वर झाड लावायचं. बाकीचे ज्येष्ठ दचकून चहा कधी येतोय ते बघायला लागले. मी एकटा खुर्ची पुढे ओढून बसलो. बाईंनी पुष्कळ फायदे सांगितले; मी एकच ऐकला. आग नाही! तोपर्यंत मला वाटत होतं की आमच्यासारख्यांसाठी मेनू ठरलेला आहे. लाकूड, गॅस किंवा वीज, आणि तिन्ही पदार्थ गरम.

शेवटी बाईंनी एक सावधगिरीची सूचना दिली. "घरच्यांची सही आधीच घेऊन ठेवा. नाहीतर तुम्ही कितीही ठरवा, ऐनवेळी नातेवाईक उचलतात आणि नेहमीच्या जागी नेतात."

म्हणजे प्रश्न एवढाच उरला. सावित्रीची सही मिळाली तर माती. नाही मिळाली, तर आपोआप आग.

घरी आलो तेव्हा ती सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, निवडत बसली होती. आता तिला "मला भीती वाटते" कसं सांगणार? विजेच्या खात्यात नोकरी केलेला, मुलीचं लग्न लावलेला, सोसायटीत लिफ्ट अडकली तर आतल्यांना बाहेरून धीर देणारा पुरुषमाणूस मी. म्हणून मी घसा खाकरून म्हटलं, "सावित्री, मी गेल्यावर मला जाळायचं नाही. मातीत ठेवायचं. पर्यावरणासाठी." भित्र्या माणसाला पर्यावरण हा शब्द फार उपयोगी पडतो.

तिने एक सोडा उजेडात धरून पाहिला. "बरं."

"बरं काय? तुझी सही लागेल."

"ह्या सोड्यांत वाळू आहे."

"तुला काय वाटतं ते तरी सांग."

"मला काय वाटायचंय?" असं म्हणून ती सूप घेऊन उठली आणि आत गेली. सावित्रीच्या 'बरं'चे बरेच प्रकार आहेत. पाहुणे येणार म्हटल्यावरचं वेगळं, मी भाजी आणतो म्हटल्यावरचं वेगळं. हे मात्र मी पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं. त्याला तळ लागेना.

आमचे शेजारी आणि सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रभाई ह्यांच्या कानावर हे दुसऱ्या दिवशी गेलं. कसं गेलं विचारू नका. आमच्या मजल्यावर भिंती आहेत त्या फक्त प्लॅस्टर टिकावं म्हणून. ते दारातूनच म्हणाले, "हरिश्चंद्रभाई, ए क्या सुना मैंने? जमीन में? अरे भाई, मीरा-भाईंदर में जिंदा आदमी को जगा नाही भेटत, तुमी मरून वन-बीएचके कुठे शोधणार?" मग मला जिन्यात उभं करून त्यांनी डोळे दान करा, त्वचा दान करा, असा सल्ला दिला. "आणि ते झाड लावायचा बात सोसायटीच्या गार्डनसाठी असेल, तर मीटिंग में अलाव नाही होणार. पाइपलाइन आहे खाली."

मी म्हटलं, सोसायटीच्या बागेत राहायची माझी जिवंतपणीही इच्छा नाही.

मग महापालिकेच्या एका कचेरीत गेलो. खिडकीवरचा मुलगा सभ्य होता, हे आधीच सांगतो, कारण खिडकीच्या आतल्या माणसाचं दुःख मला ठाऊक आहे. त्याने विचारलं, "मयताचं नाव?"

"हरिश्चंद्र."

"तुम्ही त्यांचे कोण?"

"मीच तो."

त्याने मान वर करून मला पाहिलं. मागच्या रांगेतले लोक एक पाऊल मागे सरकले. "काका, मग अजून… म्हणजे, झालेलं नाही?"

"चौकशी करतोय. दफनाची सोय."

"आपल्यात लहान बाळं आणि साधुसंत ह्यांचंच होतं बहुतेक. तुम्ही संन्यास घेतलाय?"

"नाही. सेवानिवृत्ती."

त्याने आतल्या साहेबांना विचारलं, साहेबांनी आणखी आतल्या साहेबांना. उत्तर आलं की असा अर्ज आजवर कुणी केलेला नाही, त्यामुळे नाकारताही येत नाही आणि घेताही येत नाही, झाल्यावर या. "झाल्यावर मी कसा येणार?" असं विचारल्यावर तो बिचारा म्हणाला, "घरच्यांना पाठवा. त्यांची सही लागेलच."

पुन्हा सही.

माझा खात्यातला जुना मित्र आर्थर उत्तनला राहतो. त्यांच्यात पिढ्यानपिढ्या मातीच. म्हटलं, अनुभवी लोकांना विचारावं. आर्थर त्याच्या वाडीत केळी लावत होता. माझं बोलणं ऐकून तो खड्ड्यातच टेकून बसला आणि हसत सुटला. "अरे हरी, तुला वाटतं आमी तिथं परमनंट असतो? जागा किती हाय? काय वर्षं गेली की दुसरा येतो. मग आमची हाडं काढतात आनि भिंतीत कप्प्यात ठेवतात. माज्या पप्पाला काढला तवा मीच उभा होतो."

"काढतात?" मी खड्ड्याच्या कडेशी उकिडवा बसलो. "म्हणजे… पुन्हा वर?"

"मग! नाव लिवतात कप्प्यावर. फुलं पन ठेवतात."

आयुष्यभर भाड्याच्या घरात बदल्या काढल्या, शेवटी मातीत टेकलो तर तिथेही लीव्ह अँड लायसन्स. तरी म्हटलं, आगीपेक्षा बरं. पण नुसत्या ऐकीव माहितीवर निर्णय घेणं आमच्या खात्यात बसत नाही. आर्थर पाणी आणायला घरात गेला होता. केळीचा तो नवा चर चांगला लांबरुंद होता. मी चपला काढल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि आत उताणा झोपलो.

पहिल्यांदा खरंच बरं वाटलं. माती थंड होती. वर आभाळाची एक लांबट पट्टी दिसत होती, तिच्यात समुद्राकडून येणारा एक पांढरा ढग. माझी आत्या धवले गायची, लग्नातली गाणी. तिच्या चालीवर मनातल्या मनात शब्द जुळायला लागले:

धरतरी माय गो, पदर तुजा सोर,
थकून आला गो, मिठागराचा पोर.

पदर सुटला खरा, पण माझ्या अंगावर. कडेची माती भस्सकन छातीवर आली. मग मानेवर काहीतरी चालायला लागलं. एकटं नव्हतं, त्याचं कुटुंब होतं. मी उठायला गेलो तर कोपर रुतलं. आभाळाची पट्टी एकदम अरुंद वाटायला लागली, कानात आपल्याच छातीचे ठोके ऐकू येऊ लागले, आणि मला वाटलं, वर कुणी नाही. कुणीच नाही. मी असा आणि ते सगळे तसे निघून गेलेत. मी ओरडलो. तेवढ्यात आर्थरची बायको मॉली केळीचे मुनवे, म्हणजे लावणीचे कोंब, घेऊन आली. तिने खड्ड्यात मातीने माखलेला, हात वर केलेला माणूस पाहिला. तिची किंकाळी माझ्यापेक्षा मोठी होती. मुनवे माझ्यावर पडले.

"आर्थर! ह्या तुज्या फ्रेंडला सांग," मला वर ओढताना ती म्हणाली, "मराचं तर आपल्या घरी मर. माजी केळी मोडली."

मातीचं असं झालं. मग मी देहदानाकडे वळलो. विज्ञानासाठी. इथे आग नाही, खड्डा नाही, वातानुकूलित जागा, भोवती तरुण मंडळी. शांती नगरला राहणारी आमची मुलगी कृतिका फोनवर म्हणाली, "बाबा, सुपर! मला अभिमान वाटतो तुमचा." मी फुललो. मग ती सहज म्हणाली, "आणि स्टुडंट्स खूप आदराने वागतात म्हणे. सुरुवातीला एक मिनिट शांत उभे राहतात." सुरुवातीला? कशाच्या सुरुवातीला? त्या रात्री मला माझं पोट दिसायला लागलं, त्याच्याभोवती पंचवीस पोरंपोरी, आणि मागच्या रांगेतला एकजण मोबाइल बघतोय. तक्रार खिडकीवर लोक मला काचेतून बघायचे. इथे काचसुद्धा नव्हती.

तरी कागद आणला. त्यावरही जवळच्या नातेवाइकाची सही. सावित्री भाकऱ्या थापत होती. मी कागद परातीशेजारी ठेवला. तिने पाहिलं. पिठाच्या हाताने तो कागद अलगद, अगदी अलगद, ओट्याच्या टोकाला सरकवला.

"तुम्ही मातीचं म्हणाला होता ना?"

"विचार बदलला. आता विज्ञान."

"आणि उद्या?"

"सावित्री, तुला नक्की काय हवंय ते बोलून टाक ना. जाळायला हवंय का तुला मला?"

तिचा हात भाकरीवर थांबला. काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं हे मी पाहिलं. मग तिने भाकरी तव्यावर टाकली, आणि तव्याखालचा जाळ बघून मी सवयीने दोन पावलं मागे सरकलो. ते तिने पाहिलं. पण म्हणाली एवढंच, "जेवायला बसा."

सही होत नव्हती, म्हणजे आग जवळ येत होती. मी ठरवलं, निदान आगीचं सामान तरी बंद करावं. आजही आमच्या भावकीत कुणी गेलं तर मोरव्यातून घरटी एक लाकूड जातं. भट्टीची सोय असली तरी जातं. रीत ती रीत. मोरव्याचा पुंडलिक माझा चुलतभाऊ, आता गावात तोच सगळ्यांना कळवतो, हाळीऐवजी मोबाइलवरून. त्याला जाऊन सांगितलं, "पुंडलिक, माझ्या वेळेला लाकडं आणू नका. कुणालाच सांगू नकोस. मला नको."

पुंडलिक ओटीवर जाळं विणत बसला होता. त्याची सुई थांबली. जाळं बाजूला ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "च्या घेतोस?" चहा झाला. मी निघालो तेव्हा तो वेशीपर्यंत पोचवायला आला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मला वाटलं, वा, काय समजूतदार माणूस.

आमच्या लोकांना मी विसरलो होतो, हीच माझी चूक. मोरव्यात स्वतःच्या लाकडांचं बोलायला स्वतः कुणी येत नाही. येतो तो दोनच कारणांनी. एक, डॉक्टरने हात टेकले असतील. दोन, 'मी गाव सोडून फ्लॅटात गेलो, आता हे येणार नाहीत' असं वाटून तो मानी माणूस आधीच नको म्हणतोय. पुंडलिकने दोन्ही कारणं एकत्र केली.

रविवारी सकाळी मी दुधाच्या पिशव्या घेऊन येत होतो, तर सोसायटीच्या फाटकात टेम्पो उभा. टेम्पोत लाकडं. मागे दोन रिक्षा, त्यांतही लाकडं, आणि लाकडांमध्ये मोरव्याची माणसं. वॉचमन फाटक धरून "किसका फर्निचर है?" विचारत होता.

पुंडलिक खाली उतरला. डोळे लाल. "हरी," तो म्हणाला, "आमी येनार न्हाय असं वाटलं व्हय रं तुला? तू जिता हायस तवरच आनलीत. डोल्यांनी बघ. मंग तरी पटंल."

आणि त्यांनी ती पार्किंगमध्ये रचायला सुरुवात केली. जितेंद्रभाईंच्या गाडीच्या जागेत. प्रत्येकजण आपलं लाकूड मला दाखवून ठेवत होता. "ही आंब्याची, आमच्या दारची, वादलात पडलेली." "ह्यो बाभलीचा, बांधावरचा, लई येल जलतो." एकाने तर मोडलेल्या होडीची फळी आणली होती. "सागवान हाय, भाऊ. तुज्यासाठी राखून ठेवली." आयुष्यात माझ्यासाठी कुणी काही राखून ठेवलं नव्हतं, ठेवलं ते हे. ढीग गुडघ्यापर्यंत आला, कमरेपर्यंत आला. मी मनातल्या मनात त्याची लांबी माझ्याशी जुळवून पाहिली. तंतोतंत.

बायका जिना चढून आमच्या घरी गेल्या होत्या. वरून रडण्याचा एक सूर आला आणि मधेच तुटला, बहुधा सावित्रीने दार उघडून मी दूध आणायला गेल्याचं सांगितलं असावं. बाल्कन्या भरल्या. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर 'ॐ शांती' टाकलं, त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. माझ्या खिशातला मोबाइल दर चित्रागणिक थरथरत होता, आणि मी त्याच्या बरोबरीने.

जितेंद्रभाई बनियनवर धावत आले. "अरे भाई, ए क्या है? फायर हजार्ड है! इन्शुरन्स कॅन्सल हो जाएगा! हरिश्चंद्रभाई, तुमी तर जमीनमध्ये जाणार होता ना?"

"जमिनीत?" पुंडलिक वळला.

"नंतर कॉलेजमध्ये पण," जितेंद्रभाई म्हणाले. माणूस सेक्रेटरी म्हणून उत्तम आहे. एकही मुद्दा गाळत नाही.

"हरी, तुला झालाय काय?" पुंडलिकने विचारलं. "डाक्टर काय बोलला?"

"मला काही झालेलं नाही!"

"मंग लाकडांचा बोलाया कशाला आलतास?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मोरवा बघत होता, सोसायटी बघत होती, बाल्कन्या बघत होत्या. माझ्यासमोर माझं सरण होतं, आणि त्याच्या टोकाला बसून आमच्या भावकीतला एक म्हातारा सवयीने बिडी पेटवत होता. काडी पेटली. त्या एवढ्याशा जाळाने माझं सगळं पर्यावरण, सगळं विज्ञान जळून गेलं.

"मला आगीची भीती वाटते!" मी ओरडलो. "लहानपणापासून वाटते! मला जाळू नका!"

दुधाची एक पिशवी हातातून पडून फुटली. पार्किंगमध्ये इतकी शांतता झाली की दूध वाहत गटारापर्यंत गेलेलं ऐकू आलं. म्हाताऱ्याने बिडी पायाखाली विझवली.

मग सगळे एकदम बोलायला लागले. माणसं वाईट नव्हती, ह्याहून मोठं संकट नसतं. "अरे, तवा काय कलतच न्हाय माणसाला." "मिठात ठेवू, आपल्याकडं मीठ हाय." "अंकल, समुद्र में भी होता है, नेव्हीवालों का." "खाडीत सोडू रं, भरतीला." "आय डोनेशन फिर भी कर सकते है." एकजण म्हणाला आधी उन्हात थोडं थोडं बसून सवय करावी. वाद वाढला. आग एकीकडे, माती एकीकडे, पाणी एकीकडे, कॉलेज एकीकडे. चार गट पडले, आणि प्रत्येक गटाने मला आपल्या बाजूला ओढून उभं करायचा प्रयत्न केला. शेवटी जितेंद्रभाईंनी कायद्याने जायचं ठरवलं. ते एका ओंडक्यावर चढले आणि म्हणाले, "कोरम है. हात वर करा. अग्नीच्या बाजूने कोण?"

माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्या देखत, माझ्या देहावर मतदान सुरू झालं. हात मोजले जात होते. मी कुणाकडे बघावं ते कळेना म्हणून जिन्याकडे पाहिलं.

सावित्री खाली येत होती. हातात चहाचा ट्रे, मागे मोरव्याच्या बायका. तिने ट्रे त्या रचलेल्या लाकडांवर ठेवला. माझ्याकडे आली, पदराच्या टोकाने माझ्या हातावरचं दूध पुसलं, आणि तो हात धरूनच वळली.

"पुंडलिकभावजी, हात खाली करा," ती म्हणाली. "जाळायचं, पुरायचं, खाडीत सोडायचं, सगळं बोलून झालं तुमचं. ह्यांनी महिनाभर मला सही मागितली. एकानं तरी विचारलं का, मी कुठपर्यंत यायचं?"

"वहिनी, बायका तं आपल्यात नाक्यापरत…"

"नाक्यापर्यंतच. माहीत आहे मला. आईला नाक्यापर्यंत पोचवलं. बाबांना नाक्यापर्यंत. सासूबाईंना शेवटी शेवटी मी चमच्यानं भरवायचे, त्यांनाही नाक्यापर्यंत. तिथून तुम्ही सगळे पुढे गेलात आणि मी मागे फिरले, तुमच्या आंघोळीचं पाणी तापवायला. पुढे काय झालं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही."

जितेंद्रभाई ओंडक्यावरून खाली उतरले. "भाभी, आजकल लेडीज जाते है…"

"आमच्यात नाही जात. आमच्यातली एक जाणार आहे." मागे उभ्या बायकांपैकी पुंडलिकच्या बायकोने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि ती जिन्याची शेवटची पायरी उतरून सावित्रीच्या शेजारी येऊन उभी राहिली. पुंडलिकने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आगीत न्या, मातीत न्या, कॉलेजात न्या," सावित्री म्हणाली. "जिथे मला अगदी शेवटपर्यंत ह्यांच्याजवळ उभं राहू देतील, त्या कागदावर मी सही करते. आत्ता करते. पण नाक्यावरून मी परत फिरणार नाही. बाकी मला काही म्हणायचं नाहीये."

"सावित्री, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारत होतात तुमचं काय करायचं. तुमचं काय करायचं ते मला लग्नापासून कळलेलं नाही." तिने माझा हात सोडला नाही. मग ती जवळ आली आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "आणि घाबरताय कशाला एवढे? मी येतेय म्हटलं ना. दात काढायलासुद्धा तुम्ही कधी एकटे गेलाय का?"